पाण्यातच बसून पाणी बाहेर कसं टाकतात? (बारावीच्या पोरीचा प्रश्न, बाप कॉमर्सवाला)

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. मी बीकॉम, आयुष्यभर खातेवह्या लिहिल्या, सायन्सशी संबंध दहावीला तुटला तो तुटलाच. मुलगी यंदा बारावी बी ग्रुप (बायोलॉजीवाला), नीटची तयारी चालू आहे, आणि काल रात्री जेवताना तिने असा प्रश्न टाकला की माझी भाकरी हातातच राहिली.

झालं असं, केमिस्ट्रीच्या सरांनी लॅबमध्ये बीकरभर साखरेवर कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड ओतून दाखवलं. साखर आधी पिवळट, मग चहासारखी, मग काळी, आणि मग म्हणे बीकरमधून काळा जाड खांब हळूहळू वर यायला लागला, वाफा, नाकात झोंबणारा वास, पोरं मागे सरकली. सर म्हणाले ॲसिडने साखरेतलं पाणी ओढून घेतलं, उरला तो कोळसा, ह्याला डिहायड्रेशन म्हणतात. ठीक. त्याच आठवड्यात बायोच्या मॅडमनी सांगितलं की ग्लुकोजचे दोन रेणू जोडले जातात तेव्हा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, प्रोटीन बनतानाही तसंच, फॅट बनतानाही तसंच, हे पण डिहायड्रेशन.

आता तिचे प्रश्न. एक, साखर तर खडखडीत कोरडी असते, तिच्यात पाणी होतं कुठे? दोन, आणि हा खरा प्रश्न, पेशीत सत्तरेक टक्के पाणीच असतं, मग पाण्यात बसून पाणी बाहेर कसं टाकायचं? ओल्या टॉवेलने अंग पुसल्यासारखंच झालं ना ते? तिथे काही सल्फ्युरिक ॲसिड नाही. मॅडमना विचारलं तर "परीक्षेत एवढं विचारत नाहीत" असं उत्तर मिळालं. तीन (हा माझा), जुलाब झाल्यावर डॉक्टर म्हणतात ते डिहायड्रेशन ह्यातलंच का?

कॉमर्सवाल्याला कळेल असं सांगा. पोरीसमोर इज्जतीचा सवाल आहे.

मांजलपूरची_मावशी

तिसऱ्याचं उत्तर मी देते, नाही. जुलाबात अंगातलं पाणी आणि मीठ निघून जातं, तिथे काही तुटत नाही जोडत नाही. नाव एकच, बाकी काही संबंध नाही.

पहिल्याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. उत्तरायणाला चिक्की करतो तेव्हा आपण पाक करतो, एकतारी, दोनतारी, मग गोळीबंद, त्याच्या पुढे गेलं की थेंब गार पाण्यात टाकला तर ताटलीवर टण्ण वाजतो. इथपर्यंत जे पाणी उडतं ते आपणच घातलेलं असतं, साखरेचं स्वतःचं काही जात नाही, तो पाक पुन्हा पाण्यात विरघळवला तर पुन्हा गोड पाणीच. हे निव्वळ आटवणं. पण तोच पाक विसरून फोनवर बोलत बसलात की साधारण १६०-१७० डिग्रीच्या पुढे रंग पालटायला लागतो, सोनेरी, मग मधासारखा, मग लाल, आणि वास बदलतो. आता साखर स्वतः मोडायला लागली आणि तिच्यातूनच पाणी निघतंय. ह्यानंतर कितीही पाणी घाला, साखर परत येत नाही. पुडिंगचं कॅरॅमल म्हणजे हेच, डिहायड्रेशनच, फक्त अर्ध्यावर थांबवलेलं. पूर्ण जाऊ दिलं तर सरांच्या बीकरमधला कोळसा, मी दोन पातेली त्यात घालवली आहेत.

विश्वास नसेल तर कोरडी साखर, पाण्याचा थेंब न घालता, पॅनमध्ये गरम करा आणि वर स्टीलची ताटली धरा. ताटलीच्या पोटाला थेंब जमतात. ॲसिडचा प्रयोग मात्र घरी अजिबात करायचा नाही हं, ते हातावर उडालं तर हाताचीच साखर समजून घेतं.

बायोकेम_अर्धी_पीएचडी

मावशींनी छान सांगितलं, त्यात थोडी भर घालते.

साखरेत पाणी "पाणी म्हणून" नसतं. साखरेचं सूत्र सी१२ एच२२ ओ११. हायड्रोजन बरोबर ऑक्सिजनच्या दुप्पट, पाण्यात असतात तसेच. म्हणजे कागदावर १२ कार्बन आणि ११ पाणी. पण रेणूत ते एच एका कोपऱ्यात आणि ओएच दुसऱ्या कोपऱ्यात असे बसलेले असतात, वधू-वर दोघं हजर आहेत पण लग्न लागलेलं नाही. ॲसिड किंवा उष्णता ते लग्न लावून देते आणि जोडपं घराबाहेर पडतं. ३४२ ग्रॅम साखरेत असं १९८ ग्रॅम पाणी दडलेलं असतं, आणि १४४ ग्रॅम कार्बन. निम्म्याहून जास्त पाणी! आपल्या मराठीत तर नावातच आहे, कर्बोदक, कर्ब अधिक उदक. शाळेत पाठ केलं पण फोड कधी केली नाही, बरोबर ना? (आता कळलंय की रेणूत खरोखरचं उदक नसतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं.)

ॲसिडच का ओढतं? दोन कामं करतं ते. ओएचला आपला एक प्रोटॉन चिकटवतं, मग तो ओएच राहत नाही, निघायला टपलेलं पाणी होतं. आणि निघालेल्या पाण्याला ते इतक्या जोरात धरतं की भरपूर उष्णता सुटते, त्या उष्णतेनेच तो काळा खांब फुगून वर येतो, आतल्या वाफेने. झोंबणारा वास सल्फर डायऑक्साइडचा, कारण ॲसिड थोडा कार्बन जाळतंही.

आता दुसरा प्रश्न. काका, तुमच्या मुलीला माझ्याकडून एक पोहे-चहा. एमएस्सीला येईपर्यंत मला हा प्रश्न पडला नव्हता, आणि पडला तेव्हा लाज वाटली.

आधी अडचण किती मोठी आहे ते बघा. एक लिटर पाण्यात पाण्याचे ५५.५ मोल (रेणू मोजायचं एकक) असतात (१००० भागिले १८). एवढ्या गर्दीत दोन अमिनो ॲसिड (प्रोटीनच्या विटा) जोडून आणखी एक पाणी बाहेर सोडायचं म्हणजे आपल्या बडोद्यात मांडवीच्या बाजारात दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी रिक्षा वळवायची. उलटं होणं सोपं, म्हणजे पाणी घुसून जोड तोडणं, ज्याला हायड्रोलिसिस म्हणतात. आपली पचनसंस्था दिवसभर तेच करते. मग जोडतं कसं?

तर गंमत अशी की पेशी पाणी "रोखीने" बाहेर टाकतच नाही. तुम्ही अकाउंट्सवाले आहात म्हणून तुमच्या भाषेत, ही एंट्री कॅशबुकात सापडणार नाही, ती जर्नल एंट्रीने जाते.

प्रोटीनचं उदाहरण घ्या. अमिनो ॲसिड थेट दुसऱ्याला जोडलं जात नाही. आधी ते एटीपीला, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या नोटेला, भेटतं. एटीपीला तीन फॉस्फेट असतात, त्यातले दोन एका झटक्यात सुटतात आणि अमिनो ॲसिड उरलेल्या एका फॉस्फेटवाल्या तुकड्याला, एएमपीला, चिकटतं. मग एएमपीला सोडून ते टीआरएनए नावाच्या वाहकावर बसतं. हे बसताना अमिनो ॲसिडचा एक ऑक्सिजन मागे एएमपीच्या फॉस्फेटवरच राहून जातो. हाच तो ऑक्सिजन, जो पुस्तकातल्या समीकरणात "पाणी" म्हणून बाहेर पडलेला दाखवतात! तो पाणी झालाच नाही, दुसऱ्याच्या खात्यात जमा झाला. नंतर रायबोसोमवर (पेशीतलं प्रोटीन बनवायचं यंत्र) जेव्हा खरा पेप्टाइड बंध, म्हणजे दोन अमिनो ॲसिडमधला जोड, बनतो तेव्हा टीआरएनए सुटतो, पाणी नाही. त्या क्षणी त्या जागी पाण्याचा एकही रेणू बाहेर येत नाही.

आणि ते जे दोन फॉस्फेट सुटले, त्यांच्या जोडीला एक एन्झाइम (रिॲक्शनला वेग देणारं प्रोटीन) लगेच पाणी घालून फोडून टाकतं, म्हणजे परतीची वाटच बंद. एका पेप्टाइड बंधाचा हिशोब केला तर एटीपी आणि त्याचा भाऊ जीटीपी मिळून चार महागडे फॉस्फेट बंध खर्ची पडतात. दोन अमिनो ॲसिड चिकटवताना, दोन रायबोसोमवर. पाण्यात राहून जोडकाम करायची ही किंमत आहे.

बाकी ठिकाणीही हीच युक्ती. यकृतात ग्लायकोजन (ग्लुकोजचा साठा) बनतं तेव्हा ग्लुकोज आधी यूडीपी नावाच्या वाहकाला टांगलेलं असतं, जोडताना यूडीपी सुटतं. झाडात स्टार्चसाठी एडीपीला टांगलेलं. असे साखर टांगलेले रेणू शोधून काढल्याबद्दल लेलोआर ह्यांना १९७०चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. डीएनएत पायरोफॉस्फेट (तीच दोन फॉस्फेटची जोडी) सुटतं. फॅटमध्ये कोएन्झाइम ए. पाणी कुठेच नाही. पुस्तकातलं समीकरण खोटं नाही, पण तो वर्षाअखेरचा बॅलन्स शीट आहे, रोजकीर्द नाही.

दांडियाबाजारकर

आई शपथ. बुक ॲडजस्टमेंट! हे मला आयुष्यात पहिल्यांदा सायन्समधलं काही कळलं. पण मग एक शंका, असा जोड पाण्यात बसलेला असतो तर पाणी घुसून तो आपोआप तुटत का नाही? आपण विरघळून का जात नाही?

बायोकेम_अर्धी_पीएचडी

तुटायला हवा, हिशोबाने तुटण्याकडेच कल असतो. पण वेग इतका कमी की एन्झाइम नसेल तर साध्या पाण्यात पेप्टाइड बंधाचं अर्धं आयुष्य शेकडो वर्षांचं आहे. डोंगरमाथ्यावर खड्ड्यात अडकलेला दगड, खाली जायची इच्छा आहे पण खड्ड्यातून आधी वर यावं लागेल. पोटातलं पेप्सिन, ट्रिप्सिन त्याला खड्ड्यातून उचलून देतात म्हणून रात्रीची डाळ सकाळपर्यंत पचते.

नीट_ड्रॉपर_दुसऱ्यांदा

हे सगळं खरंय पण ताई परीक्षेत हे लिहिलं तर शून्य. ओएमआर शीटवर "पाणी निघतं" हेच गोल करायचं. मुलीला सांगा काका, मी मागच्या वर्षी जास्त हुशारी केली होती 😐

आणि काही कामाचं. डिहायड्रेशन आणि डिहायड्रोजनेशन ह्यात घोळ घालू नका, एकात पाणी जातं, दुसऱ्यात नुसता हायड्रोजन. इथेनॉल गरम तांब्यावरून गेलं तर इथेनाल, ते डिहायड्रोजनेशन. इथेनॉलला कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिडसोबत ४४३ केल्विनला तापवलं तर इथीन, ते डिहायड्रेशन. तेच ४१३ केल्विनला केलं तर इथर. फक्त तीस डिग्रीचा फरक आणि प्रॉडक्ट वेगळं, कारण कमी तापमानाला दोन रेणू मिळून एक पाणी सोडतात आणि जास्त तापमानाला एकच रेणू आपल्या पोटातून सोडतो. टर्शरी अल्कोहोल असेल तर २० टक्के फॉस्फोरिक ॲसिड आणि ३५८ केल्विन पण पुरतं. हे आकडे पाठच करायचे.

एक हिशोबाचा प्रश्न पण येतो. ग्लायसिन ह्या अमिनो ॲसिडचं रेणूवजन ७५, दोन जोडले तर १५० नाही, १३२. प्रत्येक जोडाला १८ वजा. मग इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो ॲसिड तर किती पाणी? सगळे ५० लिहितात. चूक. साखळ्या दोन आहेत, २१ची आणि ३०ची, म्हणून २० अधिक २९, ४९. साखळ्या एकमेकींना सल्फरने बांधलेल्या असतात, तिथे पाणी नाही हायड्रोजन जातो.

बायोकेम_अर्धी_पीएचडी

शाब्बास, पण तुला छळते थोडं. इन्सुलिन दोन साखळ्यांत बनतच नाही. माणसात आधी ११० अमिनो ॲसिडची एकच साखळी बनते, म्हणजे जोड १०९. मग पुढचा तुकडा कापतात, उरतात ८६, मग मधला भाग कापून काढतात तेव्हा कुठे दोन साखळ्या उरतात. आणि कापताना प्रत्येक ठिकाणी पाणी परत घालावं लागतं. शिंप्याने सदरा मोठा शिवून मग बेतला. (परीक्षेत मात्र ४९च.)

सुरसागर_काठ

एवढी चर्चा झाली आणि वेंकी रामकृष्णन ह्यांचं नाव कोणी घेतलं नाही? आपल्या बडोद्याचे, एमएस युनिव्हर्सिटीतून १९७१ला बीएस्सी, ते पण फिजिक्समध्ये. वडील इथेच बायोकेमिस्ट्री विभागाचे प्रमुख होते. २००९चं केमिस्ट्रीचं नोबेल ह्याच रायबोसोमवर. हा पेप्टाइड बंध कसा बनतो ते त्यांनीच दाखवलं.

बायोकेम_अर्धी_पीएचडी

नाव घेतलंत ते बरं केलंत, बाकी बडोदेकर म्हणून अभिमान मलाही आहे, पण शेवटचं वाक्य थोडं ओढलंत. रायबोसोमचे दोन तुकडे, लहान आणि मोठा. वेंकींचं मुख्य काम लहान तुकड्यावर, ३०एस, जिथे संदेश वाचला जातो आणि बरोबर टीआरएनए आलाय का ते तपासलं जातं. बंध बनतो तो मोठ्या तुकड्यात, ५०एस, त्याची रचना स्टाइट्झ ह्यांची. तिसऱ्या अडा योनाथ, ज्यांनी रायबोसोमचे क्रिस्टल बनवायचा ध्यास ऐंशीच्या दशकात घेतला जेव्हा लोक हसत होते. तिघांना मिळून मिळालं. आणि त्या बंध बनायच्या जागी प्रोटीन नाहीच, सगळा आरएनए आहे, हे मला आजही अंगावर काटा आणतं.

निवृत्त_प्लँटवाला

मी खत कारखान्यात युरिया प्लँटवर पंचवीस-तीस वर्षं शिफ्ट केल्या, फर्स्ट, सेकंड, नाइट, सगळ्या. बायोलॉजी आपल्याला येत नाही पण हा पाण्यात बसून पाणी काढायचा प्रॉब्लेम आम्ही रोज भोगलाय म्हणून लिहितो.

युरिया म्हणजे डिहायड्रेशनच. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड प्रेशरखाली एकत्र आले की कार्बामेट बनतं, हे चटकन होतं आणि उष्णता सोडतं. मग त्या कार्बामेटमधून एक पाणी निघालं की युरिया. हिशोब बघा, कार्बामेट ७८, वजा १८, युरिया ६०. पण हे दुसरं काम रडतखडत होतं, उष्णता खातं आणि पूर्ण होत नाही. १८०-१९० डिग्री आणि दीडशेच्या आसपास किलो प्रेशर ठेवूनही एका फेरीत साठ-पासष्ट टक्क्यांवर गाडी अडते, कारण जे पाणी निघालं ते जातंय कुठे, तिथेच रिॲक्टरमध्ये युरियाच्या मांडीला मांडी लावून बसतं आणि उलटी रिॲक्शन करायला बघतं. तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी हाच.

आम्ही काय करायचो, अमोनिया गरजेपेक्षा बराच जास्त घालायचो. पाणी मग त्या अमोनियाशी गुंतून राहतं, आणि रिॲक्शन पुढे सरकते. जे जमलं नाही ते स्ट्रिपरमध्ये तापवून परत गॅस करायचं आणि फिरवून रिॲक्टरमध्ये. पुढे व्हॅक्यूमवर पाणी उडवायचं आणि वितळलेला युरिया प्रिल टॉवरच्या डोक्यावरून फवारायचा, खाली पडेपर्यंत साबुदाण्यासारखे दाणे. कार्बामेट लाइनमध्ये गार झालं की मिठासारखं जमतं आणि लाइन चोक, मग स्टीम लावून बसा रात्रभर. थंडीतल्या नाइट शिफ्टला हे व्हायचंच.

अजून एक, उडवताना जास्त तापवलं तर युरियाचे दोन रेणू जोडले जातात आणि बाययुरेट बनतं. तिथे पाणी नाही अमोनिया निघतो. ते पिकाला वाईट, म्हणून आपल्याकडे युरियात दीड टक्क्याच्या वर चालत नाही. लॅबवाल्यांशी आमची अर्धी भांडणं त्या आकड्यावरून.

बायोकेम_अर्धी_पीएचडी

काका, हे सोनं आहे. आणि प्रोटीन ओळखायच्या टेस्टचं नाव बाययुरेट टेस्ट का, ते मुलीला विचारा. त्या टेस्टमध्ये बाययुरेट घालतच नाहीत! कॉपर सल्फेट आणि अल्कली घालतात, जांभळा रंग येतो. बाययुरेटमधला जोड पेप्टाइड बंधासारखा दिसतो म्हणून तोही तोच रंग देतो, एवढंच.

रावपुरा_लॅब

पॅथॉलॉजीवाला बोलतोय. ताई म्हणतात पेशीत पाणी रोखीने कुठेच पडत नाही, तसं नाही हो. ग्लायकोलिसिसची (पेशी ग्लुकोज फोडते ती प्रक्रिया) नववी पायरी, एनोलेज एन्झाइम, तिथे खरंच पाण्याचा रेणू पडतो. आमचा धंदा त्याच्यावर चालतो. शुगर टेस्टला आम्ही राखाडी झाकणाची ट्यूब वापरतो ना, त्यात सोडियम फ्लोराइड असतं, ते ह्याच एनोलेजला अडवतं. नाहीतर ट्यूबमधल्या रक्तपेशी साखर खात बसतात, तासाला साधारण पाच-सात टक्के कमी होते, आणि पेशंटला खोटा आनंद. म्हणून कोणी साध्या लाल झाकणात शुगरचं सॅम्पल घेऊन तासभर ठेवत असेल तर विचारा. फ्लोराइड पण लगेच काम करत नाही, पहिला तास-दीड तास साखर थोडी घसरतेच, कारण त्याच्या वरच्या पायऱ्या चालू राहतात.

बायोकेम_अर्धी_पीएचडी

मान्य, "कुठेच" हा शब्द मागे घेते. जोडकामात नाही, असं म्हणायला हवं होतं. एनोलेजला पाणी पडतं, क्रेब्ज सायकलमध्ये ॲकोनिटेज आधी पाणी काढतं आणि दुसऱ्या बाजूने परत घालतं, आणि फुप्फुसात कार्बोनिक ॲसिडमधून पाणी निघून कार्बन डायऑक्साइड सुटतो, आपण आत्ता हे वाचताना सोडतोय तोच. तिथे एकाच रेणूच्या आतलं पाणी निघतं आणि पुढची पायरी माल उचलून नेते म्हणून निभावतं.

शाडूवाला

आमचं मूर्तीचं काम. पीओपी पण ह्यातच येतं का? जिप्सम भाजून त्यातलं पाणी काढतात म्हणे.

नीट_ड्रॉपर_दुसऱ्यांदा

येतं, पण ते क्रिस्टलमधलं पाणी. जिप्सममध्ये दोन पाणी असतात, भाजल्यावर अर्धं उरतं. तुम्ही पीओपी कालवता तेव्हा ते दीड पाणी परत घेतं, म्हणून पाच-दहा मिनिटांत घट्ट होतं.

शाडूवाला

हां, म्हणूनच साच्याला हात लावला की गरम लागतो. शाडू कधी गरम होत नाही, तो नुसता वाळतो, आणि पाण्यात टाकला की परत माती. पीओपी पाण्यात ठेवला की तसाच. आता कळलं.

गोत्री_संशयी

सगळं वाचलं. मावशींच्या ताटलीवर माझी हरकत आहे. गॅसची ज्योत स्वतःच पाणी बनवते, एलपीजी जळला की वाफ निघते, गार पातेलं गॅसवर ठेवलं की बाहेरून घाम येतो बघा. ताटलीवरचे थेंब साखरेचे कशावरून? आणि ताटली गार असेल तर हवेतला दमटपणा पण जमेल, आपल्या बडोद्याच्या पावसाळ्यात तर हमखास.

मांजलपूरची_मावशी

चाळीस वर्षं स्वयंपाक केलाय मी 😄 पण बरोबर आहे तुमचं. मग इंडक्शनवर करा आणि ताटली फ्रीजमधली नको.

नीट_ड्रॉपर_दुसऱ्यांदा

आणि आधी रिकाम्या पॅनवर तेवढाच वेळ ताटली धरून बघा. त्याला कंट्रोल म्हणतात. २० ग्रॅम साखर घेतली तर पूर्ण कोळसा झाल्यावर जास्तीत जास्त साडेअकरा ग्रॅम पाणी निघेल. पण कॅरॅमलच्या पायरीला साखरेच्या दोन रेणूंमागे चारच पाणी जातात, म्हणजे साडेदहा टक्के, दोन ग्रॅमच्या आसपास.

दांडियाबाजारकर

केलं. रविवारी दुपारी, बायको बहिणीकडे गेली होती ती वेळ साधून.

इंडक्शन, सपाट बुडाचं स्टीलचं पॅन, काटा ठेवून २० ग्रॅम साखर. आधी रिकामं पॅन तापवून ताटली धरली तीन मिनिटं, कोरडी. पॅन निववलं, साखर टाकली, परत ताटली. पहिले काही मिनिट काहीच नाही, कडेची साखर वितळायला लागली, पिवळी झाली, मुलगी म्हणाली पप्पा आता बघा, आणि ताटलीच्या पोटाला आधी धुकं आलं, मग ते धुकं एकत्र होऊन टाचणीच्या डोक्याएवढे थेंब. हात थरथरत होता म्हणून दोन खाली पडले आणि चर्रर्र झालं. लाल-तपकिरी झाल्यावर बंद केलं. पॅनसकट वजन केलं, पॅनचं वजा करून काटा १७ आणि १८च्या मध्ये लुकलुकत होता. नीटवाल्याचा दोन ग्रॅम आकडा बघून पोरगी नाचली. मी म्हटलं काट्याचा एक ग्रॅम इकडेतिकडे धर, तर म्हणे पप्पा ऑडिट नका करू.

आता नवीन भानगड. ती म्हणते थेंब पाण्याचेच कशावरून, पांढरं कॉपर सल्फेट टाकून निळं झालं तरच मानीन. निळं कॉपर सल्फेट भाजलं की पाणी जाऊन पांढरं होतं म्हणे, ते पण डिहायड्रेशनच. तर रावपुऱ्यात थोडंसं कुठे मिळेल का? आणि पॅनच्या बुडाला काळं काचेसारखं चिकटलंय, बायको सातला येते.

मांजलपूरची_मावशी

कॉपर सल्फेट नंतर. पॅनमध्ये पाणी भरून उकळत ठेव आत्ता, आपोआप सुटतं. घासू नकोस, चरे पडले तर कळेल तिला.

रावपुरा_लॅब

कॉपर सल्फेट शाळेच्या लॅबमध्येच सरांसमोर करू द्या, विषारी असतं ते, स्वयंपाकघरात नको. आणि ती ताटली, पॅन, काटा, तिन्ही जागच्या जागी ठेवा. काट्याचं लोक विसरतात.

दांडियाबाजारकर

उकळतंय. सहा वीस झाले.